थांब्यावरचे पाव्हणे

माझ्या सुनेनं मला निरक्षर म्हणून पकडलं. पकडायला तिला पळावं लागलं नाही, मी पलंगावरच होते. ती लातूरजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. वरून फर्मान आलं होतं, शिक्षकांनी गाव हिंडून न शिकलेली माणसं शोधायची, त्यांना अक्षरं शिकवायची आणि परीक्षेला बसवायचं. बाकीचे मास्तर उन्हातान्हात दारोदार फिरून राहिले होते, बाया त्यांना बघून दार लावून घेत होत्या, आणि हिच्या घरातच दुसऱ्या मजल्यावर एक अख्खी निरक्षर बाई मांडीत सळई घालून पडलेली. "आई, तुमचं नाव घालू का?" म्हणाली. मी म्हटलं, घाल बाई, पळून तर जाता येत नाही.

पळणं हीच माझी जिंदगी होती, म्हणून तर जीव जळतो. मी गाणी करणारी बाई. लिहिणारी नव्हे, करणारी, भाकरी करतात तशी. हळदीची, बारशाची, वास्तुशांतीची, कुणी मास्तर रिटायर झाले तर त्यांच्या निरोपाची. एकदा एका गावात सरपंचानं संडास बांधा म्हणून सांगायला बोलावलं, तर संडासाचंसुद्धा गाणं केलंय मी. लोक हसून हसून बेजार झाले आणि नंतर संडास बांधलेही म्हणे, खरंखोटं देव जाणे. कंधारहून निघायचं आणि बस नेईल तिथं जायचं. लोहा, अहमदपूर, उदगीर, नाहीतर नांदेडवरून धर्माबाद. एका ठिकाणचा कार्यक्रम आटोपला की तिथलीच कुणी म्हणायची, माझ्या बहिणीकडं हळद आहे, तशाच चला. घरी कधी पोचणार हे आमचं आम्हाला ठाऊक नसायचं.

आमचं म्हणजे माझं आणि आक्काचं. आक्का माझी थोरली नणंद. तिला नवऱ्यानं टाकलं, तशी ती कडेवर लेक घेऊन माहेरी आली ती कायमची. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा ती चुलीपाशी बसून असायची आणि कुणाशी धड बोलायची नाही. पहिल्याच वर्षी शेजारच्या हळदीत मी एक ओळ म्हटली आणि पुढचं काही सुचेना. तेवढ्यात पाठीमागून आक्कानं अशी काही ओळ फेकली की बाया पोट धरून खाली बसल्या. तेव्हापासून ती रीतच पडली. मी ओळ टाकायची, ती झेलायची. झेलताना उजवा हात वर करायची, वरून पडलेलं काही पकडावं तसा. मी सरळ बोलणार, ती वाकडं.

मामानं हळद आणली गं लोह्याच्या बाजारातून,
आणली तर आणली, निम्मी सांडली गं मामीच्या पदरातून.

मग ती मामी उठून आक्काच्या पाठीत गुद्दा घालणार, आणि पुढच्या लग्नाला आम्हाला तीच मामी बोलावणार. वयानं मोठी असून आक्का मला वैनी म्हणायची, पाव्हण्यांसमोर माझा मान राहावा म्हणून लागलेली सवय. मी तिला आक्का म्हणायची. तिचं नाव मी कधी घेतलं नाही. थोरल्या नणंदेचं नाव भावजयीनं घेत नाहीत आमच्यात. नवऱ्याचंही घेत नाहीत, पण त्याला निदान उखाणा आहे. नणंदेला तोही नाही.

हळदीच्या गाण्यात सगळ्यांत अवघड काय असेल तर माणसं. चाल येते, यमक येतं, पण दोन्ही घरची झाडून सगळी माणसं त्यात आली पाहिजेत. उदगीरला एकदा माझ्याकडून नवऱ्यामुलाची आत्या सुटली. ती बाई भरल्या मांडवातून उठली, "आमची गिनती न्हाई तिथं आमचं काम न्हाई," म्हणाली आणि पिशवी घेऊन चालू लागली. तिला स्टँडवरून परत आणायला वरबाप स्वतः गेला, तोवर हळद वाळली. आक्का मला म्हणाली, "वैनी, नाव गाळनं म्हंजे मानूस हाकलनं. दुसरं काय वाईट बोललीस तरी चाललं असतं."

लिहायला येत नव्हतं, तर मी एक युक्ती केली. कंधारपासून लातूरपर्यंतचा रस्ता मला झोपेत पाठ होता. मी पाव्हणे थांब्यांवर नेऊन बसवायला लागले. मामा लोह्याच्या स्टँडवर. मावश्या माळाकोळीला, चिंचेखाली. आत्या अहमदपूरला, तिला गर्दी लागते. चुलते आणि भांडखोर लोक शिरूर ताजबंदला, तिथं उदगीरचा फाटा फुटतो, रुसले तर जावोत तिकडच्या तिकडं. आजी-आजोबा चाकूरला. गाताना डोळे मिटले की बस निघायची, थांबा यायचा, पाव्हणा दिसायचा, ओळ यायची. त्या आत्यानंतर पुन्हा कुणी सुटलं नाही. लोकांना वाटायचं बाईच्या डोक्यात काय देवी हाय. देवी कशाची, एस्टी होती.

बसची पाटी मात्र वाचता येत नव्हती, विचारून चढावं लागायचं. नांदेडच्या स्टँडवर एकदा एका शहाण्यानं भलत्याच गाडीत बसवलं. जायचं कंधारला, उतरलो धर्माबादला. आक्कानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग नाक वर करून म्हणाली, "वैनी, कढईचा वास येऊन राह्यलाय." पलीकडच्या गल्लीत खरंच हळद होती. आम्ही बिनबोलावता गेलो, गायलो, जेवलो आणि चोळीचे खण घेऊन परत आलो. त्या दिवशी अक्षर येत नाही याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

आता मुद्द्याचं सांगते. हळदीच्या पाटाजवळ आक्काला कुणी येऊ देत नसे. टाकलेली बाई, नवरा असून नसल्यासारखा, ती सवाष्णींत धरली जात नाही. सवाष्णी आंब्याच्या पानानं हळद लावायच्या आणि आक्का मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहायची. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही, फक्त वाटी तिच्या पुढ्यातून पलीकडं जायची. म्हणून तिनं गाण्याचा शेवट आपल्याकडं घेतला. गाण्याच्या अखेरीस गाणारीचं नाव येतं, हा जुना रिवाज. मी शेवटचा सवाल टाकायची,

हळद वाटीत कालवली कुणी, पहिलं बोट गं लावलं कुणी?

आणि आक्का हात वर करून आधी स्वतःचं नाव घ्यायची, पुरं नाव, बापाच्या नावासकट, आणि मग म्हणायची,

मी गं मी, माझ्याबिगर हाय का कुणी!

बाया टाळ्या पिटायच्या. गाण्यात आलंय, गाण्याला कोण अडवणार? किती गावांत किती नवऱ्यामुलींना आक्कानं असं पहिलं बोट लावलं असेल, आणि एकीच्याही अंगाला तिचा हात लागलेला नाही.

सगळं बरं चाललं होतं. मग रस्ता चौपदरी झाला. बस गावाबाहेरून जायला लागली, फाट्यावर उतरून मधला दुभाजक चढून पलीकडं जावं लागायचं. लोह्याच्या अलीकडं असंच चढताना माझा पाय लुगड्यात अडकला आणि मी पलीकडं जाऊन पडले, मांडीचं हाड मोडलं. आक्का माझं डोकं मांडीवर घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांना शिव्या देत बसली होती. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लातूरला नोकरीला, त्यानं तिथल्याच दवाखान्यात ऑपरेशन करवलं. सळई बसवली. ती सरकली, म्हणून पुन्हा बसवली. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, या पायावर भार टाकायचा नाही, जिना तर मुळीच नाही. लेकाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. झालं! संपला कंधार-लातूर रस्ता.

त्या खोलीचं काय सांगू? एक पलंग, एक वॉकर, त्याला मी घोडी म्हणते आणि तिला धरून उठून खिडकीपर्यंत जाते. खिडकीला गज. खाली गल्ली, टँकर आला की बायांची भांडणं, तेवढीच करमणूक. लेक चांगला आहे, सून चांगली आहे, दोघं वेळेवर चहा देतात, वेळेवर गोळी देतात आणि दार ओढून कामाला जातात. चांगल्या माणसांनी कोंडलं की ओरडताही येत नाही. तरी मी ओरडायचे. एकदा वरणात मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, तर सून शांतपणे म्हणाली, "आई, मीठ नाही, तुमचा पाय दुखतोय." पाय नव्हता दुखत, बाई. सगळी मीच दुखत होते.

अशात ते शिकणं सुरू झालं. शिंगं मोडून वासरांत शिरणं म्हणतात तसं, सून गुरुजी आणि सासू विद्यार्थी. ती शाळेतून दमून यायची, हातपाय धुवायची आणि पाटी घेऊन पलंगावर बसायची. मी हट्टानं चुकवायचे. पण अक्षरं मला भराभरा आली, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं डोक्यात थांबे धरून ठेवलेली बाई मी, बाराखडी म्हणजे काय फार लांबचा प्रवास नव्हता. वाचता यायला लागलं त्या दिवशी खिडकीशी जाऊन मी समोरच्या सगळ्या पाट्या मोठमोठ्यानं वाचल्या. "मुलींसाठी मेस." "येथे साडीला फॉल-पिको करून मिळेल." "डॉक्टर व्हायचंय? आजच प्रवेश घ्या." लातूरला क्लासेसच्या पाट्यांना तोटा नाही. पोरापोरींचे फोटो आणि खाली त्यांचे मार्क. सून खूश झाली, लेकानं पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचल्या. तिसऱ्या दिवशी त्याच. मग कळलं की हा वनवास आहे. आधी ती नुसती रंगीत पत्र्याची पाटी होती, बघितली न बघितली सारखंच. आता डोळा गेला की ती वाचलीच जाते, नको म्हटलं तरी. डॉक्टर व्हायचंय? नाही व्हायचं मला, गप बस! सकाळी उठून तेच, दुपारी तेच. उभा मुलूख हिंडून झाल्यावर मला वाचायला आलं, आणि वाचायला काय, तर एक गल्ली.

तेवढ्यात कंधारहून आक्काचा फोन आला. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं, त्याच कडेवरच्या लेकीची लेक. ही पोर आमच्या दोघींच्या मांडीवर झोपून बसनं हिंडलेली. तिच्या हळदीला दुसरं कुणी गाणार नाही, हे ती रांगत होती तेव्हाच ठरलेलं. आक्का म्हणाली, "मुली, भाच्या, लोकाच्या लेकी, समद्यांचं झालं वैनी. आता आपलं हाय."

मी लेकाला म्हटलं, मला खुर्चीत घालून खाली उतरवा, गाडीत टाका, कंधारला न्या, मांडवात ठेवा. तो म्हणाला, "आई, परत सळई सरकली तर?" मी म्हटलं, सरकू दे. तो म्हणाला, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना. मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो रडवेला होऊन बाहेर गेला. डॉक्टरचं खरं होतं, त्याचंही खरं होतं, म्हणून तर संताप.

मग फोनवर गाऊन बघितलं, व्हिडिओ लावून. मी ओळ टाकली. ती कंधारला पोचायला एक दम लागला, आक्कानं झेलली, ती इकडं यायला आणखी एक दम. तोवर मी वाट बघून पुढची ओळ घेतलेली. दोघी एकमेकींच्या ओळीवर पाय देऊन राहिलो. आक्का फोनवर खेकसली, "आगं थांब की!" आणि ते "थांब की"सुद्धा उशिरा पोचलं. आम्ही हसलो, पण मजा नाही आली. मग तिनंच तोडगा काढला. "तू लिवून धाड. माझी वैनी लिवाय शिकली म्हनून समद्या पाव्हण्यांपुढं वाचून दावू. जावयाकडचे लई शिकलेले हायेत, त्येंना बी कळू दे."

तिला काय अभिमान वाटून राहिला होता! मलाही वाटला. आता जे काही द्यायचं ते या कागदावरूनच जाणार होतं. पोरीचं सुख, माझा शब्द, आक्काचा मान, सगळं.

डोळे मिटून बसले. बस काही निघेना. निघाली तर रस्ता बदललेला. माळाकोळीची चिंच रुंदीकरणात गेली होती, मावश्यांना बसवू कुठं? मामा लोह्याच्या स्टँडवर बसलेत आणि गाडी बाहेरूनच चाललीय. आणखी एक विचित्र झालं. माझ्या आठवणीतल्या थांब्यांवर पाट्या होत्या, पण त्या मला वाचता येईनात. बघितल्या तेव्हा अक्षर येत नव्हतं ना, तेव्हा नुसते पत्रेच डोळ्यांत राहिलेले. आता मन तिथं जाऊन अडकायचं, काय लिहिलं असेल बरं, आणि तेवढ्यात पाव्हणा निसटायचा. कागद कोराच्या कोरा. मी पेन्सिल फेकून दिली, ती पलंगाखाली गेली आणि मला वाकता येईना. सून शाळेतून येईपर्यंत पेन्सिलीची वाट बघत बसले. म्हातारपण म्हणजे हेच असावं.

शेवटी मी मनातल्या मनात जुनी गाडी काढली. चौपदरी व्हायच्या आधीची, खिडक्या खडखडणारी, धुरळ्याची. चिंच परत लावली. सगळ्यांना बसवलं, नवीन सोयरे आले होते त्यांनाही जागा करून दिली, जावयाच्या काकाला शिरूरला धाडला. एकेक ओळ म्हणायची आणि लिहायची. किती सावकाश काम ते! म्हणायला एक दम, लिहायला अर्धी सकाळ. ओळ कागदावर बसली की पुन्हा उठत नाही, वळवून बघता येत नाही. पण झालं गाणं. शेवटचा सवाल लिहिला, खाली रेघ मारली आणि मला रडू आलं. उभ्या जन्मातलं पहिलं लिहिलेलं गाणं.

सुनेनं वेलांट्या दुरुस्त केल्या. पत्रिकेवरची नावं आणि गाण्यातली नावं जुळवून बघितली, कुणी सुटलं नाही म्हणाली. मग फोटो काढून आक्काच्या नातीच्या फोनवर पाठवला.

हळदीच्या दिवशी नातीनं पाटावर बसायच्या आधी फोन स्पीकरला लावून मांडवात ठेवला. मी पलंगावर नवीन लुगडं नेसून बसलेली, सून शेजारी. आवाजांवरून सगळं दिसत होतं मला. आक्का आज नवरीची आजी, पुढं खुर्चीवर बसवलेली. एका शिकलेल्या पोरीनं माईक घेतला आणि सांगितलं की हे गाणं आमच्या मामीआजीनं स्वतःच्या हातानं लिहिलंय. टाळ्या झाल्या. पोरीनं सुरू केलं. चांगलं वाचलं, स्वच्छ, शाळेत कविता म्हणतात तसं. मामा गेले, मावश्या गेल्या, आत्या गेली. एका ओळीमागं दुसरी, कुठं थांबणं नाही. माझ्या कानात मात्र प्रत्येक ओळीनंतर आक्काचा जबाब वाजून राहिला होता, म्हणून मला काही उणं वाटलं नाही. पोरगी शेवटाला आली. हळद वाटीत कालवली कुणी, पहिलं बोट गं लावलं कुणी?

आणि थांबली. "धन्यवाद," म्हणाली. टाळ्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी कागदावर फक्त माझ्या ओळी लिहिल्या होत्या. आक्काच्या ओळी मी कशाला लिहीन, त्या तिच्या तोंडात होत्या. आणि तिचं नाव थांब्यांवर शोधून सापडणारच नव्हतं. पाव्हणे थांब्यावर बसलेले. आक्का कधी थांब्यावर नव्हतीच. ती सगळा रस्ता माझ्या शेजारच्या सीटवर बसलेली होती.

सुनेलाही कळलं नाही. तिच्यासाठी त्या आत्याबाई. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं नाव पत्रिकेत घालत नाहीत, वर फक्त कुलदैवत आणि खाली मामेमंडळी.

मी फोन तोंडाशी धरला. अजून वेळ होता, मांडव अजून गप्प होता. नुसतं नाव ओरडायचं होतं. मी तोंड उघडलं आणि नाव येईना. जिभेवर आलं, दातांशी आलं आणि तिथंच राहिलं. उभ्या जन्मात घेतलं नव्हतं हो! "आक्का" एवढंच निघालं, आणि आक्का तर तिथं घरोघरच्या. तेवढ्यात डीजे सुरू झाला आणि फोन बंद पडला.

नंतर आक्काचा फोन आला नाही. मी केला तर नात म्हणाली, आजी कामात आहे. लग्न झालं, पाठवणी झाली, पोर सासरी गेली, तरी नाही. मी जेवण सोडल्यासारखंच केलं. सून म्हणायची, "आई, त्यांच्या लक्षातही आलं नसेल." मी म्हटलं, अगं, नाव गाळणं म्हणजे माणूस हाकलणं, हे मला तिनंच शिकवलंय.

आणि एका दुपारी दार वाजलं. सून सुट्टीमुळं घरी होती. दारात आक्का, घामानं निथळलेली, हातात लग्नाच्या बुंदीची पिशवी. एकटी बसनं आलेली. पलंगाशी आली, पिशवी ठेवली, पाणीसुद्धा न पिता चोळीतून कागद काढला. माझंच गाणं, फोटोवरून कुणाकडून तरी छापून घेतलेलं.

"हितं सवाल हाय," म्हणाली. "त्या माईकवाल्या पोरीकडून वाचून घेतलं, चार-पाच डाव. सवालापशी येऊन कागुद सपतोय. जबाब कुठाय?"

मी रडायला लागले. म्हटलं, आक्का, जबाब तुझा होता, मी कसा लिहू? मांडवात तू का नाही झेललास? हात वर केला असतास, डीजेच्या बापाची ताकद नव्हती तुला थांबवायची.

आक्का पलंगाच्या कडेला बसली. "मुद्दाम गप बसले," म्हणाली. "आयुष्यभर माझं नाव मीच घेत आले, वैनी. दुसरं कोन घेनार? म्हनलं, आता ही लिवाय शिकली. आता तरी हिच्याकडून येईल. हात खाली धरून बसले व्हते."

सून भिंतीला टेकून उभी होती. मी तिला पेन्सिल मागितली. कागद मांडीवर घेतला आणि सवालाच्या खाली आक्काचं नाव लिहिलं, पुरं, बापाच्या नावासकट. सुनेला काही विचारलं नाही. चुकलं असेल तर चुकू दे. आक्का माझ्या हाताकडं बघत होती. लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "एवढं लांब हाय व्हय माझं नाव?"

"एवढं आहे."

"म्हन आता."

मी पहिल्यापासून गाणं धरलं. माझी ओळ मी म्हटली, तिची ओळही मीच म्हटली. आक्कानं ओठ घट्ट मिटून घेतले होते, एकदाही झेललं नाही. शेवटचा सवाल आला. कागदाकडं बघितलं, तिथं अक्षरं होती, आणि एकेक अक्षर धरून धरून मी थोरल्या नणंदेचं नाव घेतलं. वाचलं म्हणा. वाचताना बाहेर आलं, नाहीतर आलं नसतं. आक्कानं पदर तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

मग चहा झाला. कागदाची घडी परत चोळीत गेली. सून राहा म्हणाली, पण आक्का म्हणाली घरी शेरडं हायेत, कंधारची गाडी गाठायची हाय. जाताना माझ्या पायावरून हात फिरवला आणि "मुडदा बशिवला त्या दुभाजकाचा," म्हणाली. जिना उतरताना तिच्या चपला ऐकू आल्या, आणि मी जिथल्या तिथं. दार ओढलं गेलं. मी घोडी धरून खिडकीपर्यंत गेले.

खाली आक्का गल्लीच्या मधोमध उभी होती, वर बघत.

"वैनी," ती ओरडली, "आजून येकदा!"

सून मागून घाईनं म्हणाली, "आई, लोक बघतायत." बघू देत. मी दोन्ही हातांनी गज धरले आणि आक्काचं नाव घेतलं, पुरं, मोठ्यानं, मांडवात घेतात तसं. मेसच्या पोरी बाहेर आल्या, क्लासची पोरं माना वर करून बघायला लागली. आक्का वळून चालू लागली होती. मागं न बघता तिनं उजवा हात वर केला.